'नो' अक्षर आलंय, मुलीचं नाव नोआ ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. पहिलं बाळंतपण पुण्यात माहेरी झालंय, मुलगी तीन आठवड्यांची आहे, नवरा हॉलंडमध्ये आइंडहोवनला नोकरीला आहे, तो आला की बारसं. जन्म ज्येष्ठा नक्षत्राच्या पहिल्या चरणावरचा, म्हणून गुरुजींनी अक्षर दिलं 'नो'. 'नो'वरून मराठी नाव घरात कुणाला सुचेना. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलीचं नाव नोआ, ते सगळ्यांना आवडलं. पण नेटवर एक जण अर्थ 'विश्रांती' सांगतो, दुसरा 'सांत्वन', तिसरा 'हालचाल'. त्यात आजेसासूबाईंचं म्हणणं, नावाच्या सुरुवातीलाच 'नो' कशाला? तर खरा अर्थ कुठला, नाव मुलीचं की मुलाचं, कितपत चालतं, आणि देवनागरीत लिहायचं कसं?

आधी सरळ उत्तर देते. नोआ हे मुलीचं नाव आहे, हिब्रू आहे, अस्सल जुनं आहे, आणि त्याचा अर्थ हालचाल, डोलणं, झुलणं. 'विश्रांती' हा अर्थ एका वेगळ्याच नावाचा आहे आणि ते नाव पुरुषाचं आहे, बायबलातल्या प्रलयाच्या गोष्टीतल्या नौकावाल्या नोहाचं. सगळा घोटाळा रोमन लिपीतल्या शेवटच्या एका एचने केलाय.

हे ठामपणे सांगते, कारण हा घोटाळा मी स्वतः एकदा केलेला आहे. मी ठाण्यात वाढले, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरातली. गेली सत्तावीस वर्षं इस्रायलमध्ये मराठी, इंग्रजी आणि हिब्रू कागदांची भाषांतरं करते: जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले. सुरुवातीच्या काळात रायगडकडच्या एका कुटुंबाचे कागद आले. मुलगी सात वर्षांची. दाखल्यावर मराठीत 'नोहा', इंग्रजीत एन-ओ-ए-एच. मी डोळे झाकून हिब्रूत दोन अक्षरं लिहिली, नून आणि खेत. झालं. शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरी घेताना हाक मारली, "नोअख!" वर्ग खो खो हसला. आपल्याकडे मुलीच्या नावाच्या जागी 'श्रीराम' लिहून आलं तर काय होईल, तसंच. संध्याकाळी तिची आई कागद घेऊन माझ्या दारात उभी. रागावली नव्हती, रडवेली झाली होती, ते जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी मी स्वखर्चाने नवं भाषांतर करून दिलं. तेव्हापासून नोआ नाव समोर आलं की आधी विचारते: मुलगा की मुलगी, आणि शेवटी एच आहे का?

आता ती अक्षरं जवळून बघू. मुलीचं नाव हिब्रूत नून, वाव, आयिन, हे असं लिहितात. जुन्या तोरात, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, वाव नसतो, तीनच अक्षरं असतात, आणि आजही काही घरं तसंच लिहितात, दोन्ही बरोबर. नौकावाल्या बाबाचं नाव मात्र नून आणि खेत, एवढंच. म्हणजे दोन नावांत सामाईक फक्त पहिला नून. मधलं आयिन हे अरबी ऐनचं भावंड, घशाच्या तळातून काढायचा आवाज. खेतचा उच्चार घशात घासून येणारा 'ख'. म्हणून मूळ हिब्रूत तो बाबा 'नोअख' आहे. हे नाव ग्रीकांकडे गेलं तेव्हा तो 'ख' वाटेतच सुटला, पुढे इंग्रजांनी त्याच्या जागी मुका एच ठेवला. तिकडे मुलीच्या नावातलं आयिनही युरोपात कुणाला उच्चारता येईना, ते गळून पडलं. दोन वेगळ्या वाटांनी आलेली दोन नावं रोमन लिपीत एकमेकांच्या अंगावर येऊन बसली. १६११ च्या इंग्रजी बायबलात तर मुलीचं नावही एच लावूनच छापलंय, त्यामुळे पुढे नावांच्या याद्या करणाऱ्यांना ती दोन माणसं आहेत हेच कळलं नाही. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी मात्र बाबाला 'नोहा' आणि मुलीला 'नोआ' असं नीट वेगळं ठेवलंय. त्यांचे आभार मानायला हवेत.

शब्दांचे मूळ धातू वेगळे, अर्थ वेगळे. नोअख ज्या धातूतून येतो त्यातून 'लानूआख' म्हणजे विसावणं. नोआ ज्यातून येतो त्यातून 'लानूआ' म्हणजे हलणं. शेवटचा 'ख' असला की माणूस बसतो, नसला की उठून चालायला लागतो. इथल्या लष्करात कवायतीत 'अमोद नोअख' अशी आज्ञा देतात, म्हणजे आपल्या एनसीसीतलं 'विश्राम'. आणि वायरलेसवर 'नूआ, नूआ, सोफ' म्हणतात, म्हणजे 'निघा, निघा, बस्स'. माझ्या विद्यार्थ्यांना दोन धातूंतला फरक मी असाच शिकवते, एकदा ऐकला की विसरत नाहीत. 'सांत्वन' कुठून आलं तेही सांगते. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लामेख मुलाचं नाव नोहा ठेवतो आणि म्हणतो, हा आपलं सांत्वन करील. तिथला 'सांत्वन' शब्द तिसऱ्याच धातूचा आहे, बापाने केलेली ती शब्दकोटी. तुमच्या मुलीशी तिचा काही संबंध नाही.

हालचाल म्हणजे कसली हालचाल, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'हालचाल' शब्द जरा पोलिसी वाटतो, 'संशयास्पद हालचाली' वगैरे. हिब्रू धातूचा पोत तसा नाही. बायबलातल्याच यशयाच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात राजाचं काळीज थरथरलं ते कसं, तर वाऱ्यापुढे रानातली झाडं डोलतात तसं. ते 'डोलणं' याच धातूचं. शमुवेलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मूल होत नाही म्हणून हन्ना देवळात प्रार्थना करते. ओठ हलताहेत, आवाज फुटत नाही, पुजाऱ्याला वाटतं ही बाई प्यायलेली आहे. ते ओठ पुटपुटणं याच धातूचं. आणि भावाचा खून करणाऱ्या काईनाला शाप मिळतो की तू भटकत राहशील, ते भटकणंही यातलंच. म्हणजे धातू नुसता गोड नाही. त्यात थरथर आहे, वणवण आहे, तशीच झाडाची डोलही आहे. नाव म्हणून घेताना लोक अर्थातच झाड घेतात, काईन घेत नाहीत. आपणही 'चंचला' म्हणताना वीज आठवतो, अभ्यासात लक्ष नसलेली मुलगी आठवत नाही.

आजच्या हिब्रूत हा धातू रस्त्यावर पडलेला आहे. रहदारी म्हणजे 'तनुआ'. स्वरचिन्हांना, म्हणजे आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना, हाच शब्द. इंजिन 'मानोआ', मोटारसायकल 'ओफानोआ', स्कूटर 'कातनोआ'. आणि सिनेमा म्हणजे 'कोलनोआ'. कोल म्हणजे आवाज, नोआ म्हणजे हलणं. आपण बोलक्या चित्रांना 'बोलपट' म्हटलं, त्यांनी आवाज आणि हालचाल जोडून कोलनोआ केलं. आपला बोलपट जुन्या अंकांत राहिला, त्यांचा कोलनोआ आजही प्रत्येक थिएटरच्या पाटीवर आहे. शेजारच्या नोआला कुणी तरी सांगितलं की सिनेमात तुझं नाव आहे, तर ती वर्षभर थिएटरबाहेरच्या पाटीवर बोट ठेवून "हे माझं" म्हणत होती.

आता नाव ज्या बाईकडून येतं तिच्याकडे वळते, कारण हे नाव ठेवण्याचं खरं कारण मला धातूपेक्षा तिच्यात दिसतं.

इस्रायली लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या काळातली गोष्ट. वाळवंटातली चाळीस वर्षं संपत आलीत, पुढच्या देशात कुणाला किती जमीन याची खानेसुमारी चाललीय. जमीन पुरुषांच्या नावे वाटली जाणार. मनश्शे या इस्रायली वंशातला सलाफहाद नावाचा माणूस वारलाय, मुलगा नाही, पाच मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या पाच जणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, दाराशी येतात. समोर मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी. त्या म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? चुलत्यांबरोबर आम्हालाही वतन द्या. हे सगळं बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. मोशेकडे उत्तर नसतं. तो प्रकरण देवापुढे नेतो. उत्तर येतं, "केन बनोत त्सलोफखाद दोवरोत", सलाफहादाच्या मुली बोलतात ते बरोबर आहे. नुसतं यांनाच द्या असं नाही, तर मुलगा नसेल तर मुलीला मिळावं असा नियमच होतो.

आजेसासूबाईंना आता हे सांगा. तिथल्या 'केन'चा अर्थ 'योग्य', 'बरोबर'. पण आजच्या बोली हिब्रूत 'केन' म्हणजे 'होय'. भाजीवाला दिवसभर केन, केन करत असतो. हिब्रूत 'नाही'ला 'लो' म्हणतात, 'नो' नाही. ज्या मुलीने मागणं मागितलं आणि देवाकडून 'केन' ऐकलं, तिच्या नावात 'नाही' शोधायचं म्हणजे अन्यायच. हां, नोहा असं लिहिलंत तर मात्र अभंगांतलं 'नोहे' आठवेल, आणि मग आजेसासूबाईंचा मुद्दा निम्मा तरी खरा ठरेल.

गोष्ट फार चढवून सांगू नये. नियम झाला तो 'मुलगा नसेल तर' एवढाच. भाऊ असता तर या पाच जणींना काही मिळालं नसतं. आणि शेवटच्या, छत्तिसाव्या अध्यायात भाऊबंद तक्रार घेऊन येतात की या बाहेरच्या वंशात लग्न करतील आणि जमीन जाईल. मग त्यांना वंशातच लग्न करायला सांगतात आणि पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ईऽऽ, चुलत?" आपल्याकडे मामेभाऊ चालतो, चुलत म्हणजे सख्खाच. तिथे उलट चुलतच हवा, कारण जमीन बापाच्या कुळात राहते. पण तरीही, एवढ्या जुन्या पुस्तकात पाच मुलींची नावं एकामागोमाग, पुन्हा पुन्हा, एकही न गाळता छापलेली असणं ही लहान गोष्ट नाही. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला तो १९९४ साली, साऱ्या देशाने २००५ साली. सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागताना घराघरांत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

एक तुकडा इथे दाखवल्याशिवाय राहवत नाही. १९१० साली हार्वर्डच्या उत्खननात वेस्ट बँकेतल्या नाब्लुसजवळच्या सेबास्तियात, म्हणजे जुन्या शोमरोनात, शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या. मजकूर अगदी रुक्ष: अमक्या वर्षी, अमक्या ठिकाणाहून, अमक्यासाठी, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला. तेल-दारूच्या पावत्या म्हणा. आणि त्या ठिकाणांमध्ये दोन नावं आहेत, नोआ आणि होग्ला. तिरसा हेही शहराचं नाव, एके काळी प्राचीन इस्रायलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी. त्यामुळे अनेक अभ्यासक मानतात की या पाच जणी म्हणजे मनश्शेच्या मुलखातल्या पाच पट्ट्यांची किंवा कुळांची नावं, कथेत त्यांना मुलींचं रूप मिळालं. तुम्ही श्रद्धेने वाचा किंवा पुरातत्त्वाच्या नजरेने, नोआ हे नाव अडीच हजार वर्षांपेक्षा जुन्या खापरीवर कारकुनाच्या अक्षरात आहे. 'आयरा-मायरा'च्या बाबतीत मला कुणी खापरी दाखवलेली नाही.

जाता जाता होग्ला. हा आजच्या हिब्रूतला एक पक्षी, जमिनीवरून तुरुतुरु पळणारा, डोंगराळ भागातला तितरासारखा. इंग्रजीत त्याला चुकार म्हणतात, आणि तो शब्द आपल्या चकोरावरूनच गेलाय. म्हणजे नोआच्या बहिणीचं नाव मराठीत चकोर. तरी होग्ला नाव इस्रायलमध्ये आज कुणी ठेवत नाही. नावांचं नशीब.

हे नशीब नोआचंही फार उशिरा उघडलं. हे लोकांना खरं वाटत नाही, कारण बायबलातलं नाव म्हणजे पहिल्यापासून चालत आलेलं असं आपण धरतो. शतकानुशतकं ज्यू घरांत सारा, रिबका, राहेल, लेआ, मिर्याम, हन्ना ही नावं फिरत राहिली. युरोपात त्यांच्या जोडीला यिडिश या तिथल्या ज्यूंच्या भाषेतली नावं, गोल्डा, फ्रूमा वगैरे. माझ्या आजीचं नाव लेआबाई, तिच्या बहिणीचं राहेलबाई. नोआबाई मी कधी ऐकली नाही. कोकणात तर आम्ही नावं पार मराठी करून टाकली होती. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर गावात सामाजी हसाजी दिवेकर होते. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. त्यांच्या नावाने मशीद बंदरच्या बाजूला सॅम्युअल स्ट्रीट आजही आहे.

इस्रायल झाल्यावर चित्र बदललं. तिथल्या लोकांना आजी-आजोबांच्या नावांतला परदेशी वास नको होता. आडनावंसुद्धा बदलली. पुढे पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयरसन १९५६ साली गोल्डा मेइर झाल्या. त्यांच्या पुढच्या पिढीने बायबल पुन्हा उघडलं आणि आजीने न वापरलेली नावं शोधून काढली: छोटी, दुय्यम पात्रांची, निसर्गाची. तामार, याएल, मिखल, नोआ. नोआ बोलायला दोनच अक्षरांचं, परदेशी माणसाच्या घशात अडकेल असा 'ख' नाही, 'र' नाही, पासपोर्टवर सोपं, शिवाय गोष्ट अशी की धार्मिक घरालाही चालावी आणि स्त्रीवादी घरालाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची बरीच वर्षं हे इस्रायली ज्यू मुलींमध्ये पहिल्या क्रमांकाच्या नावांत बसून होतं, नंतर ती जागा तामारने घेतली. त्या काळात जन्मलेल्या मुलींच्या वर्गात एका हाकेला तीन-तीन माना वळायच्या. शिक्षक मग आडनावाचं पहिलं अक्षर लावून 'नोआ काफ', 'नोआ मेम', 'नोआ लामेद' करायचे, आपल्या 'पाटील बी', 'पाटील एस'सारखं. २००१ साली जन्मलेली गायिका नोआ किरेल याच लाटेतली. ती २०२३ च्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत तिसरी आली आणि युरोपात ज्यांनी नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं. तिच्या एक पिढी आधी अखिनोआम निनी ही गायिका जगभर 'नोआ' या नावाने गायली, पण तिचं ते छोटं केलेलं नाव. अखिनोआममधला 'नोआम' वेगळा, माधुर्याचा. नोआम, नाआमा आणि नामी या तिघी त्या गावच्या. आपल्या नोआच्या बहिणी नव्हेत, नुसत्या शेजारणी.

इस्रायलबाहेर मात्र नोआला एचवाल्या त्या 'विसाव्या'ची सोबत करावी लागते. अमेरिकेत एचवाला नोआ २०१३ ते २०१६ मुलांमध्ये पहिला होता. तुमच्यासाठी महत्त्वाचं हॉलंड. तिथे एचवाला नोआ अलीकडच्या वर्षांत मुलांच्या यादीत अगदी वर आहे आणि बिनएचची नोआ मुलींमध्ये चांगली रुळलेली. पण डच माणूस दोन्हींचा उच्चार एकच करतो, नोऽआ. म्हणजे तुमच्या लेकीच्या वर्गात दोन-तीन मुलगे त्याच हाकेला ओ देतील. हे आत्ताच धरून चाला. त्रास म्हणावा इतका मोठा त्रास नाही हा, पण "हे तर मुलाचं नाव ना?" हा प्रश्न तिला आयुष्यभर येणार, आणि उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. फ्रान्समध्ये बिनएचचा नोआ मुलांनाही ठेवतात. जपानमध्ये हेच दोन ध्वनी मुलीचं गोड नाव म्हणून चालतात, तिथल्या कांजी या चित्रलिपीत लिहिताना त्यात बहुधा 'प्रेम' असतं, हिब्रूशी नातं शून्य. पॉलिनेशियन भाषांत नोआ म्हणजे निषेधातून मोकळं, सर्वांना खुलं. हे योगायोग आहेत. याद्या करणारे ते एकत्र ढवळून 'हिब्रू, जपानी आणि हवाईयन मूळ' लिहितात, त्याकडे दुर्लक्ष करा.

उच्चाराचं सांगते. व्याकरणशुद्ध हिब्रूत आघात शेवटच्या 'आ'वर, रोजच्या बोलण्यात पहिल्या 'नो'वर. आयिन आता बहुतेक लोक काढतच नाहीत. माझ्या खालच्या मजल्यावर एक येमेनी आजी राहायच्या. त्या संध्याकाळी गॅलरीतून नातीला हाक मारायच्या तेव्हा 'नो' आणि 'आ' यांच्या मध्ये घसा असा आवळला जायचा की ते आयिन खालपर्यंत ऐकू यायचं. नात खालून नुसतं 'नोआ'सारखंच ओरडायची, "नोआ येतेय!" आजीची नोआ तीन अक्षरांची, नातीची दोन. तुम्ही नातीसारखी म्हणा.

देवनागरीत 'नोआ' लिहा. 'नोहा' नको, कारणं वर आलीच. 'नोव्हा' नको, तो लॅटिन तारा. 'नोवा'चं मात्र जरा वेगळं आहे. मराठी जिभेला 'ओ'च्या शेजारी 'आ' बसलेला सोसत नाही, ती मध्ये 'व' सरकवते. गोव्याचं इंग्रजीत जे होतं ते आपण उलट करतो. इंग्रजी जिथे गोआ म्हणते तिथे आपण गोवा म्हणतो. तेव्हा तुमच्या घरात मावश्या, आत्या आणि दूधवाला तिला 'नोवा'च म्हणणार. म्हणू द्या, त्यात प्रेमच आहे, फक्त कागदावर लिहू देऊ नका. विभक्ती लावायला नाव सोपं आहे: नोआला, नोआची, नोआकडे. लाडाने नोऊ होईल, नोई होईल, त्यातलं एक आपोआप चिकटेल. रोमनमध्ये एन, ओ, ए. संपलं.

हिंदू घरात हे नाव चालेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींच्या मध्ये ते आहे, म्हणून सांगते. नोआ देवीचं नाव नाही, संदेष्टीचं नाही, ते ठेवायला कुठला विधी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही कोकणात इतकी शतकं तुमची नावं वापरली, हसाजी-सामाजी झालो, गावांवरून पेणकर-रोहेकर झालो. एक नाव इकडून तिकडे गेलं तर हिशेब बिघडत नाही. परदेशात मात्र लोक नाव ऐकून तुम्ही इस्रायली का असं विचारू शकतात, आणि जगातल्या बातम्यांप्रमाणे त्या प्रश्नाचा सूर बदलत असतो. हॉलंडमध्ये हे नाव इतकं घरगुती झालंय की तिथे बहुधा कुणी विचारणार नाही. फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेत राहायला गेलात तर एखादा विचारील. ते मनाला पटत असेल तर पुढे जा.

पत्रिकेचं म्हणाल तर पंचांगात ज्येष्ठाची चार अक्षरं नो, या, यी, यू. पाळण्यातलं नाव 'नो'चं ठेवून चारचौघांतलं वेगळं ठेवणारी घरं खूप आहेत, तुम्हीही तसं करू शकता. फक्त 'नो'चीच हौस असेल आणि नोआबद्दल मन अजून डगमगत असेल, तर हिब्रूत आणखी दोन नावं माझ्या आवडीची आहेत. नोगा, म्हणजे तेज, आणि शुक्र ग्रहालाही हिब्रूत हेच नाव. आणि नोफार, म्हणजे पाण्यातलं कमळ, आपल्या कुमुदिनीसारखं. नोगात मराठीला कुठेच अडखळायला होत नाही, फक्त गावाकडची एखादी आत्या 'नोगा कसला, नगाच म्हण ना' म्हणून चिडवेल. आणि नामीचा मोह होत असेल तर रूथच्या पुस्तकातली ती सासू मराठी बायबलात 'नामी' आहे, आणि मराठीत नामी म्हणजे झकास. पण ते 'ना'वरून, तुमच्या चरणात बसत नाही. माझं मत विचाराल तर नोआच.

घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली असेलच. नाव नंतर घालता येतं, पहिल्या बारा महिन्यांत त्यासाठी पैसेही पडत नाहीत. महापालिकेच्या खिडकीवर मात्र स्वतः जा, एजंटावर सोडू नका. कारकून सवयीने शेवटी एच लावेल. लावतोच. दाखल्याची प्रत हातात आली की तिथेच उभं राहून दोन्ही लिप्यांतलं नाव वाचा, कारण पुढे पासपोर्ट त्यावरूनच होणार, आणि आइंडहोवनची शाळा पासपोर्टावरून. त्या सात वर्षांच्या मुलीला आता स्वतःची मुलगी आहे. मागच्या वर्षी ती तिचे कागद घेऊन माझ्याकडे आली होती. नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "मावशी, या वेळी एच नाही हं, मी बघून आणलंय."